तारीख नसलेला अर्ज

आत्या, त्या दिवशी तू वकीलबाईंसमोर खोटं बोललीस आणि मी गप्प बसले. तुझ्याबद्दल लिहायचं तर मला इथूनच सुरुवात करावी लागते. तुझे कष्ट, तुझी माया, तुझा हसरा चेहरा, हे सगळं तू गेल्यावर परवा झालेल्या पुण्यानुमोदनात तिघांनी सांगितलं. एकाने तर तुझं नावही चुकीचं घेतलं. मला बोलायला उठवलं तेव्हा मी मान हलवून नकार दिला. लोकांना वाटलं, पोरीला रडू येतंय. तसं नव्हतं, आत्या. मला जे बोलायचं होतं ते माईकवर बोलण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं काही बोलायची लाज वाटत होती.

धरमपेठेतलं ते पहिल्या मजल्यावरचं ऑफिस आठवतं ना? तू प्लास्टिकच्या थैलीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडत होतीस, घडी हाताने सपाट करून. नेमणुकीचं पत्र, ओळखपत्र, कारणे दाखवा नोटीस, बडतर्फीचा आदेश. शेवटी तुझ्या तक्रार अर्जाची प्रत. वकीलबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली.

"यावर तारीख नाही. पोचही नाही. हा अर्ज लिहिला कोणी?"

तू माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. "मीच."

"टाइप केलेला आहे, विमलबाई."

"हाव. दुकानावर करून घेतला."

"कोणत्या दुकानावर?"

"आता आठवत नाही मॅडम. बुटीबोरीतच कुठंतरी. बंदही पडलं असन आता."

सक्करदऱ्यातलं आपलं छपाईचं दुकान, तुझ्या सख्ख्या भावाचं, ज्याच्या ओट्यावर बसून तू हजारो पत्रकांच्या घड्या घातल्यास, ते एका दमात तू बुटीबोरीला नेलंस आणि बंदही पाडलंस. दुसरा कुठलाही दिवस असता तर मी पोट धरून हसले असते.

जिन्यात मी तुला अडवलं. असं का केलंस, म्हणून विचारलं. तू कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होतीस, गुडघ्यामुळे.

"तुही नोकरी कच्ची आहे," तू म्हणालीस. "कंपनीतला एक साहेब तुह्या कॉलेजच्या मंडळावर आहे. मले का माहीत नाही? एकीची गेली तेवढी पुरे. तू गप राह्य."

आणि मी गप्प राहिले. सातवीत असताना चौकात उभी राहून पत्रकं वाटणारी, कॉलेजात 'अन्याय पाहून गप्प बसणारा अन्यायाचा भागीदार' असं वाक्य स्वतःच्या हाताने जुळवून छापणारी मी. तासिका तत्त्वावरची नोकरी, दर जूनमध्ये नव्याने हात जोडायचे. तेवढ्यासाठी दीड वर्ष मी तुझ्या पाठीमागे लपून राहिले.

तुझ्या सोबतच्या बायका तुला बावीस वर्षं बुटीबोरीच्या सूतगिरणीत पाहत होत्या. वाइंडिंग खात्यात, जिथं सूत कोनावर गुंडाळलं जातं, तिथं तू उभी राहायचीस. तुला हवं होतं ते तपासणीचं टेबल. खिडकीजवळचं. तयार कोन तिथं येतात, उजेडात फिरवून बघायचे, बरा-वाईट ठरवायचा. बसून करायचं काम. तुझ्या हाताखाली शिकलेल्या तीन पोरी एकामागून एक त्या टेबलावर गेल्या. तिसरी पुष्पा. तिला तू स्वतःच्या डब्यातलं खाऊ घालून शिकवलंस. तिची नेमणूक झाली त्या दिवशी तू शिफ्ट इन्चार्जला विचारलंस, माझं काय कमी आहे? सगळ्यांसमोर तो म्हणाला, "तुमच्या लोकायले एक जागा देली का तुम्ही पुरं खातं मागता." हसलाही. काही बायकाही हसल्या.

तू घरी येऊन हे सांगितलंस तेव्हा स्वयंपाक करत होतीस. आवाज चढला नव्हता. भाकरी मात्र नेहमीपेक्षा जोराने थापत होतीस.

पेटलो ते आम्ही. बाबा आणि मी. आपल्या घरात राग आला की कागद काढतात. आजोबांनी धम्मदीक्षा घेतल्यानंतर वस्तीत पहिलं पत्रक आपल्याच घरातून निघालं, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मला ते पाहिल्यासारखं वाटतं. मला अक्षरओळख पुस्तकाआधी पत्रकातून झाली. आणि आपल्या पत्रकांचा एक नियम होता, तुला माहीत आहे. पत्रकावर तारीख टाकायची नाही. बाबा म्हणायचे, तारीख टाकली की उरलेला गठ्ठा रद्दीत जातो. अन्याय यावर्षी आहे तसा पुढच्या वर्षीही असणार, मग कागद कशाला वाया घालवा? त्यामुळे आपल्या माळ्यावर चार-चार वर्षांपूर्वीची पत्रकं असायची, आणि खरंच, ती पुन्हा चालायची. मला याचा अभिमान होता. आमचा कागद कधी शिळा होत नाही.

तू मात्र घड्या घालताना टोमणे मारायचीस. "तुह्या बापाचं पत्रक वाचून माणूस तापते वं. मंग घरी जाते, जेवते, झोपते." बाबा चष्म्यावरून बघायचे. तुझ्या घड्या मात्र सगळ्यांत सरळ. कडेला कड.

त्या रविवारी दुपारी दुकानाच्या कॉम्प्युटरवर मी तुझा अर्ज लिहायला बसले. तू शेजारच्या स्टुलावर. आपलं भांडण तिथंच सुरू झालं आणि अजून संपलेलं नाही. मी पहिलंच वाक्य लिहिलं: 'शतकानुशतकांच्या विषमतेचे विष आजच्या कारखान्यांतही पेरले जात आहे.' तुला वाचून दाखवलं. तू म्हणालीस, छान आहे. मग मी दोन परिच्छेद लिहिले, संविधान आलं, समता आली, श्रमिक स्त्री आली. तू ऐकत होतीस. शेवटी विचारलंस, "याच्यात मी कुठं आहो?"

मी म्हटलं, सगळं तुझ्याबद्दलच तर आहे.

"माह्यं टेबल कुठं आहे? टेबलाचं लिही ना आधी. कोणाले कधी देलं, मले कधी नाही देलं. बस."

मी चिडले. टेबल ही छोटी गोष्ट आहे, टेबलामागे काय आहे ते महत्त्वाचं, असलं काहीतरी मी तुला समजावलं. बावीस वर्षं सूत ओळखणाऱ्या बाईला मी धागा आणि कापड यातला फरक सांगितला. तू ऐकून घेतलंस. टेबल अर्जात तिसऱ्या परिच्छेदात आलं, एका ओळीत. खाली तू सही केलीस. वर तारीख नव्हती, कारण मी आयुष्यात कधी कागदावर तारीख टाकलीच नव्हती.

निघताना तू विचारलंस, ऑफिसात दिल्यावर आपल्या प्रतीवर शिक्का घेऊ का? तू नळाच्या बिलापासून रेशनपर्यंत प्रत्येक पावती जपून ठेवणारी बाई. आणि मी तुला काय सांगितलं? मी म्हटलं, "आपण काही मागायला चाललो नाही. कागद दे आणि ताठ मानेनं परत ये."

तू सोमवारी जेवणाच्या सुट्टीत गेलीस, कागद दिलास, आणि ताठ मानेने परत आलीस.

बुधवारी तुला वेस्ट गोदामात टाकलं. खात्यात झाडून निघालेला, तुटका, तेलकट कापूस जिथं जमा होतो तिथं. एकटीला. कागदावर ही फक्त बदली. पगार तोच, शिफ्ट तीच. घरी यायचीस तेव्हा भुवयांवर रुई असायची आणि खोकला. तू म्हणायचीस, म्हातारी झाली का मी, पाह्य बरं, केस पांढरे झाले. पण तुला गोदामाचं तितकं लागलं नाही. तुला डब्याचं लागलं. तुम्ही पाच जणी गोल बसायचात, पुष्पा तुझ्या डाव्या हाताला. गुरुवारी तू गोदामातून येईपर्यंत त्यांचं गोल बसून झालं होतं आणि कुणी सरकलं नाही. कुणी उठूनही गेलं नाही. फक्त सरकलं नाही. कायद्यात बदली, बडतर्फी, पगारकपात यांना नावं आहेत. न सरकण्याला नाव नाही, आत्या. मी शोधलंय.

मग नोटीस आली, तिच्यात लिहिलेलं: मंगळवारी तू दोन वेगळ्या नंबरांचं, म्हणजे वेगळ्या जाडीचं सूत एकमेकांत मिसळलंस, लाल टोकाचे कोन हिरव्या टोकाच्या पेटीत भरलेस, माल परत आला. तू नोटीस वाचून इतकी हसलीस की बाबा घाबरले. "लाल कोन हिरव्यात? मी आंधळी झाली तरी हातानं ओळखन." चौकशी झाली. चौकशी करणारा त्यांचा, साक्षीदार त्यांचे. तुला काढून टाकलं.

वकीलबाईंनी आपल्याला जे समजावून सांगितलं, ते मी घरी येऊन लिहून ठेवलं. माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा ते सोपं होतं. त्या म्हणाल्या, तुमच्याशी भेदभाव झाला की नाही हा एक प्रश्न. तक्रार केली म्हणून तुम्हाला शिक्षा झाली की नाही हा दुसरा. दुसरा गुन्हा पहिल्यावर अवलंबून नाही. उद्या पहिली तक्रार सिद्ध नाही झाली, तरी तक्रार करणाऱ्याला छळून बाहेर काढणं ही अनुचित प्रथाच आहे. तक्रार करणाऱ्यालाच काय, साक्ष देणाऱ्या कामगारालाही हे संरक्षण आहे. पण त्यासाठी आधी काय आणि नंतर काय, हे दाखवावं लागतं. कंपनी म्हणते, मंगळवारी कोन मिसळले, बुधवारी बदली, आणि शिक्षा होणार हे कळल्यावर बाईंनी शुक्रवारी तक्रार आणून दिली. तुम्ही म्हणता, सोमवारी दिली. दाखवा.

सोमवार की शुक्रवार. बावीस वर्षांची नोकरी त्या चार दिवसांच्या फटीत पडली होती, आणि ती फट मी ठेवली होती.

तू हे सगळं नीट ऐकलंस. तुला त्यातलं सगळ्यांत जास्त काय आवडलं ते परतताना ऑटोत सांगितलंस. "म्हणजे माह्यं बरोबर होतं. त्यानं जे म्हटलं ते मी गिळलं असतं वं. आपण का पहिल्यांदा ऐकलं? पण मी विचारलं म्हणून मले गोदामात टाकलं, हे मी गिळत नाही. विचारणं हा का गुन्हा आहे?" मी तेव्हाही वाद घातला. म्हटलं, गिळलं असतं असं म्हणू नकोस, तेच तर मूळ आहे. तू म्हणालीस, तू मूळ खोद, मले टेबल पाहिजे. ऑटोवाला आरशातून पाहत होता.

आज मला वाटतं, आपण दोघीही बरोबर होतो. पण चूक करायची वेळ आली तेव्हा ती एकटी मीच केली.

अंतरिम आदेश मिळाला नाही. क्रम सिद्ध होत नाही, असं कोर्टाने म्हटलं. मग कोर्टाच्या तारखा, पेशी, पेशी आणि पेशी. तू प्रत्येक पेशीला इस्त्रीची साडी नेसून यायचीस. बाकावर बसून शेंगा सोलायचीस, शेजारच्या पक्षकारालाही द्यायचीस. एकदा कंपनीच्या वकिलाच्या कारकुनालाही दिल्यास. मी डोळे वटारले तर म्हणालीस, त्याचं का भांडण आहे माह्याशी? दर पेशीला मी ठरवायची की आज वकीलबाईंना सांगते: अर्ज मी लिहिला, दुकानाच्या कॉम्प्युटरवर ती फाइल अजून आहे, आणि फाइलवर, माझ्या इच्छेविरुद्ध, तारीख आहे. रविवारची. मशीनला आपल्या घराचा नियम माहीत नव्हता. दर पेशीला तू माझ्याकडे पाहून हळूच मान हलवायचीस, नाही म्हणून. आणि मला ते नाही हवंच असायचं. हे मला तुला सांगायचं होतं. तू मला थांबवलंस असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तू अडवायच्या आधीच मी थांबलेली असायची.

तू गेलीस ती रक्तदाबाने. सकाळी पोहे करताना पडलीस, दवाखान्यात दोन दिवस होतीस, बोलली नाहीस. वस्तीतल्या पोरांनी मला सांगितलं, ताई, लिही ना, कंपनीने बळी घेतला. ते शीर्षक माझ्या बोटांवर तयार होतं. मी ते लिहिलं नाही. गोळ्या तू कामावर असतानाही चुकवायचीस, आणि मी ओरडले की म्हणायचीस, तूच घे. तुला बळी केलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं: पत्रकात सगळं आलं असतं आणि तू कुठेच नसतीस.

तुझ्यानंतर पाचव्या दिवशी मी धरमपेठेत गेले. वकीलबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तुमच्या आत्याचं खोटं शपथेवर नव्हतं, माझ्यासमोर होतं, त्याचं मी बघते. तुमचं गप्प बसणं तुम्ही बघा. वारसांना दावा पुढे चालवता येतो, तुमचं शपथपत्र आणि त्या फाइलचं प्रमाणपत्र जोडता येईल. पण अर्ज रविवारी लिहिला एवढंच त्यातून दिसतं, सोमवारी दिला हे दिसत नाही. त्यासाठी आत्याला जाताना पाहिलेलं कुणीतरी हवं. आणि त्यांनी विचारलं, नोकरीचा विचार केलाय ना? तुम्ही त्या कारखान्याच्या कामगार नाही, तुम्हाला या कलमाचं संरक्षण मिळणार नाही. मी म्हटलं, केलाय. ते खोटं होतं, आत्या. विचार केला असता तर मी आलेच नसते.

शपथपत्र दाखल झालं. माझ्या प्रतीवर मी शिक्का मारून घेतला. शिक्का फिका उठला, म्हणून पुन्हा मारायला लावला. कारकून वैतागला. मी तिथून हलले नाही.

कॉलेजातून जूनबद्दल अजून काही आलेलं नाही. विभागप्रमुख समोर आले की घड्याळ बघतात. त्या बायकांचं न सरकणं म्हणजे काय, ते मला आता कळू लागलंय.

तुझ्या नावाचं पत्रक मी लिहिलं, पुण्यानुमोदनात वाटायला. साधंच. तुझं नाव, तुझं खातं, तुझं काम, तू काय विचारलंस आणि विचारल्यावर काय झालं. वर उजव्या कोपऱ्यात तारीख टाकली. बाबांनी प्लेट लावायच्या आधी कागद हातात धरला. त्यांचं बोट तारखेवर थांबलं.

"उरले तर पुढच्या वर्षी चालायचे नाहीत," ते म्हणाले.

"नकोच चालायला."

त्यांनी मशीन सुरू केलं. घड्या घालायला तू नव्हतीस. त्या वाकड्या झाल्या आहेत, माफ कर.

हे एवढं लिहून मी थांबणार होते. पण काल दुपारी पुष्पा आली. पुण्यानुमोदनाला ती आली नव्हती, मंडपाच्या कोपऱ्यावरून परत गेली असं कुणीतरी सांगितलं होतं. तिच्या हातात डबा होता. तो तिने तुझ्या फोटोसमोर ठेवला, झाकण काढून. भरली वांगी होती. मग ती खाली बसली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मी पाह्यलं होतं. सोमवारीच गेली होती. मले म्हणे, डबा उघडून ठेव, आलोच मी."

मी विचारलं, एवढे दिवस?

"मी त्याच टेबलावर बसतो ना वं," पुष्पा म्हणाली. "मले काहून विचारतं?"

मला राग यायला हवा होता. आला नाही. दीड वर्ष गप्प बसलेल्या दोघी एकमेकींसमोर बसलो होतो, एकीकडे खिडकीजवळचं टेबल, दुसरीकडे तासिका तत्त्वावरचं. मी तिला सांगितलं की साक्ष देणाऱ्या कामगाराला संरक्षण आहे. आणि हेही सांगितलं की ते संरक्षण आपोआप येत नाही, मागे धावून मिळवावं लागतं, आणि तोपर्यंत तिला कदाचित गोदामात एकटीने जेवावं लागेल. माझ्या कुठल्याही पत्रकात मी असं दुसरं वाक्य कधी लिहिलेलं नाही.

तिने डबा तुझ्या फोटोच्या थोडा जवळ सरकवला. मग म्हणाली, "लिहून दे मले. अन् तारीख टाकजो."

आम्ही दुकानात गेलो. ती तुझ्याच स्टुलावर बसली. मी आधी तारीख टाकली. मग सवयीने बोटं जुन्या वाक्याकडे वळली, शतकानुशतकांकडे, आणि थांबली. मी पुष्पाला विचारलं, कुठून सुरू करू?

"टेबलापासून," ती म्हणाली. "विमलताईचं टेबल. खिडकीजवळचं."